डायपर सुटला नाही म्हणून प्रवेश नाही? पाळणाघर आणि बालवाडी चालकांना खुलं पत्र

सर्व पाळणाघर, प्लेग्रुप आणि बालवाडी चालकांना,

सप्रेम नमस्कार.

प्रवेशअर्जांवर हल्ली एक ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते: ‘मुलाचा डायपर पूर्णपणे सुटलेला असावा. कपडे वारंवार ओले झाल्यास मुलाला घरी पाठवण्यात येईल.’ वय अडीच वर्षं, आणि अट ही. या अटीवर गप्प बसणं आम्हाला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही म्हणजे सकाळी मूल तुमच्या हातात देऊन कामाला जाणाऱ्या आया. मुलाच्या जागेपणीचे निम्म्याहून जास्त तास तुमच्याकडे जातात. तिथे तो किती झोपला, शी झाली की दाबून ठेवली, बाटली कशी पाजली, यावर आमची संध्याकाळ आणि रात्र ठरते. तुमचे नियम मात्र दार बंद होण्याच्या वेळेपर्यंतचाच विचार करून केलेले असतात. पुढचं निस्तरायला घर आहेच, आणि घर म्हणजे बहुतेक वेळा आई.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तक्रार ताईंबद्दल नाही. एकाच ताईच्या अंगावर बारा-पंधरा मुलं टाकल्यावर तिने तरी काय काय बघायचं? तक्रार नियम करणाऱ्यांकडे आहे.

१. डायपरची अट

मूल शी-शू सांगू लागतं ते शरीर आणि समज दोन्ही तयार झाल्यावर. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: डायपर सलग दोन तास तरी कोरडा राहतो, शू होण्याआधी मुलाला कळतं, झाल्यावर नव्हे, चड्डी स्वतः खाली ओढता येते, भांड्यावर न डगमगता बसता येतं, लागोपाठच्या दोन साध्या सूचना समजतात. बहुतेक मुलांत या खुणा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात, पण सगळ्या एकदम नाहीत आणि सगळ्या मुलांत एका वयाला नाहीत. झोपेतलं नियंत्रण तर आणखी उशिरा येतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुलांचं अंथरूण ओलं होतं आणि त्याआधीच्या वयात तो आजार धरतच नाहीत. तेव्हा दुपारच्या झोपेत एखाद्याची चड्डी ओली झाली म्हणून ‘अजून तयार नाही’ असा शेरा मारणं चूक आहे.

अर्जावर तारीख आली की घरात घाई सुरू होते. मूल तयार असो-नसो, दर अर्ध्या तासाने भांड्यावर बसवलं जातं. शू त्यातूनही जमून जाते. अडतं ते शीवर. घाईत, रागात किंवा भीतीत बसवलेलं मूल शी दाबून धरतं. दाबलेली शी आतड्यात राहते, तिच्यातलं पाणी शोषलं जातं, ती मोठी आणि कडक होते. पुढच्या वेळी दुखतं. दुखलं की मूल आणखी दाबतं. असं होत राहिलं की गुदाशय ताणला जातो आणि शी लागल्याची जाणीवच बोथट होते.

हे मूल ओळखायला सोपं असतं, बघणाऱ्याला माहीत असेल तर. ते सोफ्याच्या मागे किंवा पडद्याआड जातं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहतं, पाय एकमेकांत घट्ट अडकवतं, चेहरा लाल होतो, कुणी जवळ आलं की ‘जा’ म्हणतं. बघणाऱ्याला वाटतं, कुंथतंय. खरं तर ते शी आत ढकलत असतं.

पुढचा घोळ तुमच्याकडे होतो. कडक खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग लागतात, दिवसातून चार-पाच वेळा. वहीत नोंद होते: ‘जुलाब’. मूल घरी पाठवलं जातं, सोबत जुलाब थांबवायचा सल्ला. असतं ते बद्धकोष्ठ, आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं तर ते आणखी वाढतं. डॉक्टरांनी ओळखून शी मऊ करणारं औषध सुरू केलं तरी ते कित्येकदा महिनोन्‌महिने चालतं, कारण ताणलेला गुदाशय मूळ जागी यायला वेळ लागतो. आठवड्यात बरं वाटलं म्हणून औषध बंद केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता तुमच्या स्वच्छतागृहांबद्दल. कमोड मोठ्यांच्या उंचीचा, भोक मोठ्यांच्या मापाचं. मूल दोन्ही हातांनी कड धरून तोल सांभाळतं, पाय अधांतरी लोंबतात. पायाखाली आधार नसेल तर पोटाचा जोर लागत नाही आणि गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल पडत नाहीत. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यायला हवेत. त्यासाठी लहान मापाची बैठक आणि पायाखाली घट्ट बसणारा एक पाट, एवढंच लागतं. आपोआप धाडकन पाणी सोडणाऱ्या फ्लशला मुलं घाबरतात. तो बंद करून हाताने सोडायचा ठेवा, तोही मूल उठल्यावर.

वेळेचंही तसंच. सगळ्यांना रांगेत दोनदा नेऊन आणता. खाल्ल्यावर साधारण पंधरा ते तीस मिनिटांत आतडं आपसूक हलू लागतं, शी लागण्याची ती सगळ्यात सोपी वेळ. नेमकी तेव्हा तुमच्या वेळापत्रकात गाणी असतात नाहीतर अंथरुणं घातलेली असतात. डब्यानंतर पाच मिनिटं निवांत बसू द्या, दार लोटलेलं असू द्या. झाली तर ठीक, नाही तर उठू द्या. शू लागली म्हणून सांगायला आलेल्या मुलाला ‘आत्ताच तर जाऊन आलास’ म्हणून परत बसवू नका. लघवी दाबून ठेवायची सवय मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट करून देते, मुलींमध्ये जास्त. पुसतानाही समोरून मागे, उलटं कधीच नाही. हे नव्या मावशींना पहिल्या दिवशी दाखवायला हवं.

जी मुलं डायपरमध्ये आहेत त्यांचा डायपर दर दोन तासांनी बघावा, शी झाली असेल तर लगेच बदलावा. दुपारी एकदाच बदलायचा नियम ठेवला की मांड्यांच्या वळ्या लाल होतात आणि रात्रभर रडणं आमच्याकडे. बदलल्यावर मोठ्यांनी हात धुवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलाचेही धुवायचे असतात, कारण त्या दोन मिनिटांत त्याचा हात तिथे जाऊन आलेला असतो.

चारचौघांत नाक धरणं, ‘बाळच आहेस अजून’ म्हणणं, ओल्या चड्डीत बसवून ठेवणं हे लगेच थांबलं पाहिजे. यावर चर्चा नको.

२. दुपारची झोप

इथे दोन उलट तक्रारी आहेत, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा एकाच संस्थेबद्दल.

एका ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. दुपारची झोप त्यातच आली. दोन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप ‘आमच्याकडे उपक्रम असतात’ म्हणून काढून घेतली तर ते रात्री लवकर झोपेल असं वाटतं. होतं भलतंच. घरी येताना, गाडीत नाहीतर खांद्यावर, ते वीस मिनिटं पेंगतं. तेवढ्याने झोपेची धार जाते, थकवा तसाच राहतो. मग जेवताना किरकिर, अंथरुणात नाचणं, आणि रात्री रडत उठणं.

उलट टोकाला चार वर्षांचं मूल. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांची दुपारची झोप सुटते. ज्याची सुटलीय त्याला अंधार करून, पाठ थोपटून दोन-अडीच तास झोपवलं जातं, कारण ती वेळ ताईंच्या जेवणाची आणि वह्या लिहायची असते. ताईंना ती वेळ मिळायलाच हवी, पण मुलाला झोपवून नव्हे. साडेचारला उठलेलं मूल साडेअकराला टक्क जागं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला सहाला उठवावं लागतं, मग दुपारी ते खरंच झोपतं, आणि तुम्ही म्हणता, ‘बघा, त्याला झोपेची गरज आहे.’

उपाय महाग नाही. खोलीचा एक कोपरा जाग्या मुलांसाठी ठेवा: चित्रांची पुस्तकं, ठोकळे, कागद-खडू, हळू आवाज. वीस मिनिटं पडून झोप लागली नाही तर मूल तिकडे जाऊ शकेल. झोपलेल्यांना दुपारी तीनच्या सुमारास पडदे उघडून सावकाश उठवा. आणि झोपेची सुरुवात आणि शेवट घड्याळ बघून लिहा. ‘छान झोपला’ या दोन शब्दांवरून आम्हाला रात्रीचा काही अंदाज येत नाही.

वर्षाच्या आतल्या बाळांसाठी मात्र सवलत नाही. पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी, दुलई, मऊ खेळणी काहीही न ठेवता. झुलत्या खुर्चीत किंवा गाडीच्या सीटमध्ये झोपलेलं बाळ उचलून सपाट ठेवायचं, कारण मान पुढे झुकली की श्वासाला अडथळा होतो. ‘उठेल’ हे कारण चालणार नाही.

३. काढून ठेवलेलं अंगावरचं दूध

‘आईचं दूध सांभाळायची जबाबदारी आमच्यावर नको, पावडर पाठवा’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षांचं होईपर्यंत किंवा त्याहूनही जास्त काळ इतर अन्नासोबत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ या काळाच्या मधोमध असतं. ते दूध काढायला लागणारा वेळ आणि कष्ट वेगळेच.

सांभाळणं अवघड नाही. ताजं काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, चार अंशांच्या फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. गोठवून पूर्ण वितळलेलं फ्रिजमध्ये चोवीस तास, आणि ते पुन्हा गोठवायचं नाही. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवायचं, दारात नाही, कारण दार उघडलं की आधी तिथलं तापमान वाढतं. बाळाचं तोंड लागलेली बाटली दोन तासांत संपवायची नाहीतर ओतून द्यायची. आम्ही 60 ते 120 मिलिलिटरचे भाग करून, नाव, तारीख, वेळ लिहून देतो ते यासाठीच.

नासाडी कुठे होते? दूध ठेवल्यावर साय वर येते आणि खाली पातळ, निळसर पाणी दिसतं. ‘फाटलं’ म्हणून ते ओतून टाकतात. ते फाटलेलं नसतं. कोमट करून बाटली हलकेच गोल फिरवली की एकजीव होतं. गोठवलेल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो, तोही दुधातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे), खराब झाल्यामुळे नव्हे. कोमट करायला बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवायची. मायक्रोवेव्हमध्ये नको, वरून कोमट लागलं तरी आत एखादा घोट जीभ भाजण्याइतका गरम राहतो.

पाजायची पद्धत हा खरा मुद्दा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाळ आडवं, बाटली उभी, मोठं भोक, पाच मिनिटांत सगळं संपवलं. एवढ्या वेगात पोट भरल्याचं बाळाला कळत नाही, ते आणखी तोंड हलवतं, तुम्ही सांगता ‘त्याला पुरत नाही, जास्त पाठवा’. आईला तेवढं दूध निघत नाही. शिवाय वेगाची सवय लागलेलं बाळ संध्याकाळी अंगावर पिताना चिडतं, ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध खरोखरच कमी होतं. बाळाला टेकवून बसतं धरा, बाटली जवळजवळ आडवी, संथ निपल, मध्ये थांबे, एकूण पंधरा-वीस मिनिटं. बाळाने मान फिरवली की थांबायचं, बाटलीत 20 मिलिलिटर उरले तरी. उशीला टेकवून बाटली तोंडात देणं तर कधीच नको, ठसक्याचा धोका असतो.

४. आजारपण: नको तिथे कडक, हवं तिथे सैल

वाहत्या नाकाला घरी पाठवता आणि उलटी झालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी घेता. हे नेमकं उलटं आहे.

लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते, पाळणाघरात पहिल्या वर्षी त्याहूनही जास्त. दर सर्दीला घरी ठेवायचं म्हटलं तर नोकरी राहणार नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे संसर्ग गंभीर असंही नाही. मूल खेळतंय, खातंय, ताप नाही, तर ते येऊ शकतं. उलटी-जुलाब मात्र शेवटच्या वेळेनंतर 48 तास घरीच, यात आमची रडारडही ऐकू नका. या विषाणूंपैकी काहींवर सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद, याला पर्याय नाही. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. हँड-फूट-माऊथमध्ये, म्हणजे हातापायांवर आणि तोंडात फोड येतात त्या आजारात, मूल बरं असेल आणि लाळ फार गळत नसेल तर शेवटचा डाग जाईपर्यंत थांबवून काही हाती लागत नाही, कारण विषाणू शीतून पुढे कित्येक आठवडे जात राहतो. उवांसाठी भर दुपारी घरी पाठवायचं कारण नाही, संध्याकाळी सांगा.

ताप हाताने कपाळ चाचपून ठरवू नका. नुकतंच धावलेलं किंवा पांघरुणातून उठलेलं मूल गरम लागतंच. पंधरा मिनिटं थांबून डिजिटल थर्मामीटर काखेत घट्ट धरा, वाजेपर्यंत. 38 अंश किंवा जास्त असेल तर आकड्यासकट फोन करा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच मिनिटाला, कारण त्याला डॉक्टरकडे नेणं लांबवता येत नाही.

सकाळी औषध पाजून ताप दडवून मूल आणतात, ही तुमची तक्रार खरी आहे. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तासांत उतरतो, म्हणून तुमच्याकडून दुपारच्या आत फोन येतो. ते चूकच. पण साध्या सर्दीलाही तीन दिवस बंदी आणि वर डॉक्टरांचा ‘संसर्ग नाही’ असा दाखला मागितला की लपवाछपवी वाढते. असा दाखला सर्दीसाठी कुठल्याच डॉक्टरला प्रामाणिकपणे देता येत नाही.

५. फोन आणि निरोप

अर्जावर वडिलांचा नंबर पहिला लिहिला तरी फोन आईलाच येतो. कारण विचारलं तर ‘आईंनाच माहीत असतं’. बाबांना कधी सांगितलंच नाही तर माहीत कसं होणार? आणि ‘उद्या निळे कपडे आणि रिकामं खोकं’ हा निरोप रात्री साडेनऊला पाठवायचा नसतो. तेव्हा एक मूल झोपवायचं चाललेलं असतं आणि निळे कपडे धुवायला पडलेले असतात.

आमच्या मागण्या

डायपरची अट प्रवेशअर्जातून काढावी. तिच्या जागी प्रवेशाच्या वेळी पालकांशी बोलून मुलाच्या खुणा, घरात वापरायचे शब्द आणि बसायची वेळ लिहून घ्यावी. कपड्यांचे दोन जादा जोड आम्ही देऊ, इलॅस्टिकच्या कमरेचे, बटणं-पट्टे नसलेले. लहान बैठक, पायाखालचा पाट आणि आडोसा तुम्ही द्यावा.

रोज संध्याकाळी चार ओळी हव्यात: झोप किती ते किती, खाणं-दूध किती, शी-शू कधी आणि कशी, पडणं-चावणं-ताप असं काही. फोटो नसले तरी चालतील.

आजारपणाचे नियम आजारागणिक लिहून भिंतीवर लावा, आणि एखाद्या मुलाला काही झालं तर नाव न घेता सगळ्या पालकांना त्याच दिवशी कळवा.

आईच्या दुधासाठी फ्रिजचा एक वेगळा कप्पा आणि आत एक थर्मामीटर. पाजायची पद्धत बाळाच्या ताईंना दाखवायला आमच्यापैकी कुणीही अर्धा तास यायला तयार आहे.

सामान आणायला सांगायचं तर कामाचे तीन दिवस आधी. फोन अर्जावरच्या क्रमाने.

आणि एका ताईकडे किती मुलं, हा आकडा वयोगटानुसार अर्जावरच छापा. वरच्या बहुतेक गोष्टी त्या आकड्यावर अडतात हे आम्हाला कळतं. तो कमी करायला फी वाढवावी लागणार असेल तर हिशोब मांडा, बोलू. पण डायपरची अट घालून तो खर्च अडीच वर्षांच्या मुलाकडून वसूल करू नका.

उत्तर लेखी द्यावं, प्रवेशअर्ज भरायची मुदत संपण्याआधी.

आपल्या,
लहान मुलांच्या आया